‘वाढणे’ की ‘वाढवणे’? एका ग्रीक क्रियापदाने शिकवलेलं संशोधन



माझा विषय वनस्पतिशास्त्र, आणि त्यातही ऑक्झिन हे वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक. तरीही आजचा लेख बायबलमधल्या एका ग्रीक क्रियापदावर आहे. कारण आधी सांगते, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की ही मुलगी विषय सोडून भरकटली.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझा प्रगती-सेमिनार होता. पहिल्याच स्लाइडवर मी लिहिलं होतं की ऑक्झिन हा शब्द ‘वाढणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला. इथपर्यंत ठीक होतं. पण मी त्याखाली स्वतःच्या अकलेने आणखी एक ओळ टाकली: वनस्पती आपोआप वाढते ही कल्पना या ग्रीक शब्दातच आहे, म्हणूनच बायबलमध्येही रानातली फुलं आपोआप वाढतात असं म्हटलेलं आहे. स्लाइड दिसायला फार छान झाली होती.

समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, “ते क्रियापद ‘वाढणे’ आहे की ‘वाढवणे’? आणि तुम्ही ते किती ठिकाणी तपासलंत?”

मी ते एकाच ठिकाणी पाहिलं होतं, आणि तेही कुणीतरी दिलेल्या इंग्रजी वाक्यात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, “मग ती ओळ काढा. आणि पुढच्या स्लाइडवरचे आकडे तरी नीट तपासलेत ना?” खरा धक्का या दुसऱ्या प्रश्नाचा होता. एका न तपासलेल्या ओळीमुळे माझ्या सहा महिन्यांच्या मोजमापांवर शंका आली होती.

त्यानंतरचे बरेच रविवार मी त्या शब्दामागे लागले. सापडलं ते इथे क्रमाने मांडते. तुमचा विषय ग्रीक नसेल, माझाही नाही. पण पद्धत कुठल्याही विषयाला लागू पडते.

१. शब्दाची ओळख

क्रियापद आहे ‘औक्सानो’. त्याचंच जुनं, आखूड रूप ‘औक्सो’. नव्या करारात दोन्ही रूपं भेटतात. ऑक्झिन हे नाव याच शब्दावरून १९३१ साली उट्रेख्तमध्ये फ्रिट्झ कोग्ल आणि हागेन-स्मिट यांनी रूढ केलं. त्याच्या थोडं आधी, १९२० च्या दशकात, तिथेच फ्रिट्स व्हेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांमधून हा पदार्थ अगारच्या तुकड्यात उतरवून दाखवला होता.

आता सरांचा प्रश्न. मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. रोप ‘वाढतं’ आणि माळी ते ‘वाढवतो’. ग्रीकमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात आहेत. जुन्या अभिजात ग्रीक गद्यात औक्सानोचं कर्तरी रूप सहसा ‘वाढवणे’ या अर्थी येई, आणि ‘वाढणे’ म्हणायचं तर कर्मणी रूप वापरत. अलेक्झांडरनंतरच्या काळात, म्हणजे नव्या कराराची ग्रीक ज्या काळातली आहे त्या काळात, कर्तरी रूपसुद्धा सरळ ‘वाढणे’ या अर्थी चालू लागलं. त्यामुळे नुसतं रूप बघून निकाल लागत नाही. वाक्यात कर्म आहे का, हे बघावं लागतं. शब्दकोशातली पहिली ओळ वाचून थांबलं की इथेच पाय घसरतो.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांसाठी एक गंमत. ‘गच्छति’चं भूतकाळी रूप ‘अगच्छत्’ होतं, पुढे ‘अ’ लागतो. ‘इच्छति’चं मात्र ‘ऐच्छत्’ होतं, कारण तिथे पहिला स्वरच मोठा होतो. ग्रीकमध्येही अगदी हेच घडतं, आणि ग्रीक व्याकरणकार या वाढीव स्वराला ‘औक्सेसिस’ म्हणत, म्हणजे ‘वाढ’. औक्सानोचा भूतकाळ करताना सुरुवातीचा ‘औ’ दीर्घ होऊन ‘एऊ’ होतो: एऊक्सानेन. वाढीचं क्रियापद भूतकाळात स्वतःच वाढतं!

२. पहिला सापळा: मूळ म्हणजे अर्थ नव्हे

या शब्दाची भावंडं बरीच आहेत. संस्कृतातले ‘ओजस्’ आणि ‘उग्र’ त्याच प्राचीन धातूकडे जातात, लॅटिनमधलं ‘औगेरे’ हे क्रियापदही. हे कळल्यावर मला वाटलं, वा! म्हणजे बायबलमध्ये जिथे जिथे औक्सानो आहे तिथे ‘ओज’ आहे. दोन पानं लिहूनसुद्धा झाली.

ती दोन्ही पानं मी नंतर फाडली. १९६१ साली जेम्स बार या अभ्यासकाचं बायबलच्या भाषेतील अर्थविचारावरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी नेमक्या याच सवयीवर बोट ठेवलं आहे. शब्दाचं मूळ शोधायचं आणि तेच त्याचा ‘खरा’ अर्थ म्हणून प्रत्येक वाक्यात ओतायचं, हे चुकीचं आहे. शब्दाचा अर्थ त्या काळच्या, त्या लेखकाच्या वापरात असतो. बोलणाऱ्याला त्याची व्युत्पत्ती माहीत असेलच असं नाही.

माझ्या विषयातलं उदाहरण अगदी हाताशी होतं. ऑक्झिन म्हणजे मुळात ‘वाढवणारं’. पण कोंबाची वाढ करणारी ऑक्झिनची मात्रा मुळाची वाढ रोखू शकते. आणि २,४-डी हे कृत्रिम ऑक्झिन तर आपले शेतकरी ऊस-गव्हाच्या शेतात रुंद पानांचं तण मारायला फवारतात. नावाच्या मुळावर विसंबून कुणी २,४-डी टोमॅटोवर मारलं तर काय होईल, सांगायला नकोच.

३. दुसरा सापळा: सगळे अर्थ एकाच वेळी

बार यांनी दाखवलेली दुसरी चूक अशी, की शब्दकोशात एका शब्दाचे पाच अर्थ दिसले की ते पाचही प्रत्येक वाक्यात कोंबायचे. मराठीच घ्या ना. ‘मुलगी वाढते’ म्हणजे मोठी होते. ‘आई भात वाढते’ म्हणजे ताटात घालते. ‘नारळ वाढवला’ म्हणजे फोडला. ‘बांगडी वाढली’ म्हणजे फुटली, कारण ‘फुटली’ म्हणायचं नसतं. आता परदेशातला एखादा अभ्यासक हे चारही अर्थ एकत्र करून लिहू लागला, की मराठी माणसाच्या दृष्टीने वाढ म्हणजे अन्नदान आणि विनाश यांचा संगम, तर आपण हसू. पण परक्या भाषेच्या बाबतीत आपण हेच करतो आणि त्याला ‘सखोल अर्थ’ म्हणतो.

४. आता डेटा

मग काय करायचं? सगळी ठिकाणं काढायची. बायबलसाठी हे सोपं आहे, कारण कॉन्कॉर्डन्स, म्हणजे कोणता शब्द कुठे कुठे येतो याच्या सूची, तयार आहेत. स्ट्राँगच्या सूचीत औक्सानोचा क्रमांक ८३७ आहे. नव्या करारात मला २३ ठिकाणं मिळाली. त्यांची मी अशी वर्गवारी केली:

- झाडंझुडपं (५): रानातली फुलं मत्तय ६:२८ आणि लूक १२:२७ मध्ये, मोहरीचा दाणा मत्तय १३:३२ आणि लूक १३:१९ मध्ये, चांगल्या जमिनीतलं बी मार्क ४:८ मध्ये.
- मुलं आणि लोकसंख्या (३): लूक १:८० मध्ये बाळ योहान, २:४० मध्ये बाळ येशू, आणि प्रेषितांची कृत्ये ७:१७ मध्ये मिसर देशातले इस्राएल लोक.
- वचन किंवा सुवार्ता (४): कृत्ये ६:७, १२:२४, १९:२० आणि कलस्सैकरांस १:६.
- समाज, विश्वास, ज्ञान (७): २ करिंथ १०:१५, इफिस २:२१ आणि ४:१५, कलस्सै १:१० आणि २:१९, १ पेत्र २:२, २ पेत्र ३:१८.
- एका माणसाचं महत्त्व (१): योहान ३:३०. इथे बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो की येशूने वाढावं आणि आपण कमी व्हावं.
- ‘वाढवणे’, कर्मासह किंवा कर्म गृहीत धरून (३): १ करिंथ ३:६ आणि ३:७, २ करिंथ ९:१०.

नुसती वर्गवारी केली तरी किती गोष्टी दिसतात बघा. इफिस २:२१ मध्ये तर वाढते आहे एक इमारत! दगडांची इमारत वाढत वाढत मंदिर होते. बांधकाम आणि रोप यांची प्रतिमा लेखकाने एकत्र केली आहे. शब्दकोशातल्या ‘वाढणे’ या एका शब्दावरून हे कधीच कळलं नसतं.

५. ‘वचन वाढलं’ म्हणजे काय?

कृत्यांमध्ये तीन वेळा देवाचं वचन ‘वाढलं’ असं येतं. शब्द कसा वाढेल? संख्या वाढेल, पसरेल, पण शब्द?

इथे सोबतचे शब्द बघायचे. १२:२४ मध्ये औक्सानोच्या शेजारी ‘प्लेथुनो’, म्हणजे बहुगुणित होणे, हे क्रियापद आहे. ६:७ मध्येही ते त्याच वाक्यात आहे, शिष्यांच्या संख्येबद्दल. ७:१७ मध्ये हीच जोडी मिसरातल्या लोकांबद्दल येते. ही जोडी लूकची स्वतःची नव्हे. हिब्रू शास्त्राच्या सेप्तुआजिंत या ग्रीक भाषांतरात ती उत्पत्ती १:२८ मध्ये आहे, जिथे देव माणसांना आशीर्वाद देतो, आणि निर्गम १:७ मध्येही आहे, जिथे इस्राएल लोक मिसरात वाढतात. लूकच्या वाचकांच्या कानात ही जोडी आधीपासून होती. प्रजा वाढण्याची भाषा त्याने वचनाला लावली. वचन वाढतं म्हणजे ते ऐकणाऱ्यांचा समाज वाढतो, असा अर्थ इथे सरळ बसतो.

आणखी एक पायरी खाली जाऊ. उत्पत्तीमधलं मूळ हिब्रू क्रियापद ‘फळणे’ या अर्थाचं आहे, फळ या नामाशी जोडलेलं. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी औक्सानो निवडलं. कलस्सै १:६ आणि १:१० मध्ये मात्र ‘फळ देणे’ आणि ‘वाढणे’ ही दोन्ही क्रियापदं शेजारी-शेजारी येतात, म्हणून काही अभ्यासकांना तिथे उत्पत्तीचा पडसाद ऐकू येतो. मार्क ४:८ मधल्या बियाण्याच्या दाखल्यातही वाढ आणि पीक एकत्र आहेत, तेव्हा तो स्रोतही शक्य आहे. दोन्ही शक्यता नोंदवायच्या. आवडलेली एकच ठेवून दुसरी लपवायची नाही.

६. तीनच ठिकाणं, पण महत्त्वाची

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. ‘वाढवणे’ असा स्पष्ट अर्थ २३ पैकी फक्त तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही ठिकाणी कर्ता एकच आहे: देव.

सगळ्यात बोलकं ठिकाण १ करिंथ ३:६. प्रसंग असा. इ. स. ५० च्या दशकात करिंथ शहरातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत गट पडले होते. कुणी म्हणे आम्ही पौलाचे, कुणी म्हणे आम्ही अपुल्लोसाचे. पौल त्यांना शेताचं उदाहरण देतो: लावणी मी केली, पाणी अपुल्लोसाने घातलं, पण वाढवत होता देव. यातले काळ बघा. लावणं आणि पाणी घालणं या दोन क्रियापदांना त्याने एकदा होऊन संपलेल्या क्रियेचा भूतकाळ वापरला. ‘एऊक्सानेन’ मात्र अपूर्ण भूतकाळ आहे, म्हणजे वाढवणं चालूच होतं. माळी आले, आपापलं काम करून गेले, वाढ मात्र त्या सगळ्या काळात सुरू होती. पुढच्याच ओवीत तो म्हणतो की लावणारा काही नाही, पाणी घालणाराही काही नाही, आणि देवासाठी ‘वाढवणारा’ हे धातुसाधित विशेषण वापरतो. भांडण कशावरून होतं हे लक्षात घेतलं की व्याकरणाचा हा बारकावा किती वजनदार आहे ते कळतं.

लगेच टाळ्या वाजवू नका. इथे तीन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात.

पहिली, नमुना लहान आहे. तीनच ठिकाणं, आणि तिन्ही एकाच लेखकाची. सेप्तुआजिंतमध्ये उत्पत्ती १७:६ ला देव अब्राहामाला ‘वाढवीन’ म्हणतो, त्याने या निष्कर्षाला आधार मिळतो, पण ग्रंथ वेगळा आहे.

दुसरी, विरोधी उदाहरण शोधायचं. इफिस ४:१५ मधलं वाक्य असं आहे की काही अभ्यासक ते ‘आपण सर्व काही वाढवावं’ असं सकर्मक वाचतात. बहुतेक जण ‘आपण सर्व बाबतींत वाढावं’ असं वाचतात. मी दुसऱ्या बाजूची, पण पहिली शक्यता दडवली तर माझा ‘नियम’ खोटा ठरेल.

तिसरी, ही मर्यादा भाषेची नाही. इतर ग्रीक लेखनात माणसं संपत्ती वाढवतात, सत्ता वाढवतात, आणि त्यासाठी हेच क्रियापद येतं. म्हणून ‘ग्रीक भाषेत वाढवणारा फक्त देवच’ हे विधान चूक. ‘नव्या करारात स्पष्ट सकर्मक वापर जिथे आहे तिथे कर्ता देव आहे’, हे विधान टिकतं. वाक्य थोडं लांबलं, पण ते तपासता येतं.

७. शब्द म्हणजे कल्पना नव्हे

माझ्या स्लाइडकडे परत येऊ. ‘आपोआप’ हा शब्द मी मत्तय ६:२८ ला चिकटवला होता. तिथे तो नाहीच. तिथे एवढंच आहे की फुलं कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत. आणि दोनच ओव्या पुढे, ६:३० मध्ये, रानाच्या गवताला देव सजवतो असं येतं. म्हणजे तिथला मुद्दा माझ्या मुद्द्याच्या बरोबर उलट!

‘आपोआप’ या अर्थाचा ग्रीक शब्द बायबलमध्ये आहे, तो मार्क ४:२८ मध्ये. ‘ऑटोमॅटिक’ ज्या शब्दावरून आलं तोच. शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो, बी कसं रुजतं ते त्याला कळत नाही, आणि जमीन आपोआप पीक देते. वाढीबद्दलचा यापेक्षा चांगला दाखला शोधून सापडणार नाही. पण गंमत म्हणजे या दाखल्यात औक्सानो कुठेच नाही. तिथे कोंब फुटणे आणि लांब होणे अशी वेगळी क्रियापदं आहेत.

म्हणजे मी दोन चुका केल्या होत्या. जिथे शब्द होता तिथे माझी कल्पना नव्हती, आणि जिथे कल्पना होती तिथे शब्द नव्हता. नुसता एक शब्द सर्च करून ‘वाढीची संकल्पना’ अभ्यासली म्हणणाऱ्याच्या हातून हा दाखला निसटतो. लूकमध्येही असंच आहे. २:४० मध्ये बाळ येशू वाढतो तिथे औक्सानो, पण २:५२ मध्ये तो ज्ञानात पुढे जातो तिथे वेगळंच क्रियापद. लिटरेचर रिव्ह्यू करताना एकाच कीवर्डवर थांबू नका, हे सगळे सांगतात. मला ते इथे पटलं.

आपल्या भाषेत या क्रियापदाशी प्रत्यक्ष झुंजलेल्या व्यक्तीचं नाव घेतलं पाहिजे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. मराठीत दोन क्रियापदं असल्यामुळे मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं, ‘वाढला’ लिहायचं की ‘वाढवला’. ग्रीकमधली संदिग्धता मराठीत तशीच ठेवता येत नाही.

८. तुमच्यासाठी पाच पायऱ्या

१. शब्दकोश सुरुवातीला उघडा, पण निष्कर्ष तिथून काढू नका.
२. सगळी ठिकाणं काढा. जमत नसेल तर किती पाहिली ते स्पष्ट लिहा.
३. प्रत्येक ठिकाणी कर्ता, कर्म, काळ आणि सोबतचे शब्द नोंदवा. साधी एक्सेल शीट पुरते.
४. आपल्या निष्कर्षाला छेद देणारं उदाहरण स्वतः शोधा. परीक्षकाने शोधायच्या आधी!
५. तीच कल्पना दुसऱ्या शब्दांत कुठे आली आहे ते बघा.

‘शब्द’च्या जागी ‘जीन’, ‘प्रजाती’, ‘चलघटक’ काहीही घाला, पायऱ्या त्याच राहतात.

पुढच्या सेमिनारला माझ्या पहिल्या स्लाइडवर एकच ओळ होती: ऑक्झिन हे नाव ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ असे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक क्रियापदावरून १९३१ मध्ये रूढ झालं. तेच सर समितीत होते. त्यांनी ती ओळ वाचली, मान हलवली आणि म्हणाले, “हं, आता आकडे दाखवा.”

त्या दिवशी आकड्यांवर पाऊण तास चर्चा झाली, आणि मला तेच हवं होतं.